संसर्गजन्य नाही

त्या बुधवारी सकाळी डॉ. नेहा भागवतचं तिच्या विभागात फार कौतुक झालं. सुरतेतल्या एका मोठ्या रुग्णालयात ती त्वचारोगाचं एम.डी. करत होती, शेवटच्या वर्षाला होती, आणि तिने सगळ्यांसमोर लहान मुलांच्या खाजऱ्या इसबावर व्याख्यान दिलं होतं. या इसबात कोपराच्या आणि गुडघ्याच्या खळग्यांतली कातडी लाल होते, चिरते, झरते. खाज अशी की मूल झोपेतही ओरबाडत राहतं. पुस्तकात त्याला अटोपिक डर्मटायटिस म्हणतात.

नेहाने फळ्यावर पेशी काढून दाखवल्या. कातडीतल्या टी-पेशी इंटरल्यूकिन-चार नावाचं रसायन सोडतात. ते म्हणजे एका पेशीने दुसरीला धाडलेला निरोप. तो पोचला की बी-पेशी आयजीई नावाची प्रतिपिंडं करू लागतात. इंटरल्यूकिन-पाच आणखी पेशींना बोलावून आणतं. "म्हणजे मुळात शत्रू आलेलाच नसतो," नेहा म्हणाली, "पण लढाई जोरात चालू असते, आणि मार खाते ती आपलीच कातडी."

"हे निरोप उद्या वाटेतच अडवता आले, तर या पोरांचं आयुष्य बदलेल," प्रोफेसर म्हणाले. टाळ्या झाल्या. नेहा खुशीतच ओपीडीत येऊन बसली.

थोड्या वेळाने एक बाई मुलीला घेऊन आत आली. मुलगी सातेक वर्षांची. अंगात बापाचा जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला शर्ट. दोन्ही हात अंगापासून लांब धरून ती चालत होती, ओल्या भिंतीला लागू नयेत म्हणून धरावेत तसे. नेहाने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि तिचा खुशीचा चेहरा उतरला. इसब तर होताच, पण त्याच्यावर कसलं तरी उग्र वासाचं औषध थापलं होतं आणि त्याखाली कातडी सोलून निघाली होती.

"हे काय लावलंत हिला?" नेहाने जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"मी नही लावं, बेन," बाई म्हणाली. तिचा आवाज नेहापेक्षा चढा होता. "शाळामा लावं त्यासनी."

बाईचं नाव सुमन. माणसं धुळ्याकडची, नवरा बन्सीलाल पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या कारखान्यात, ती स्वतः घरी बसून साड्यांना लेस लावायची. मुलगी हर्षदा, मराठी शाळेत दुसरीत. सुमनने जे सांगितलं ते असं. सोमवारी शाळेत आरोग्य शिबिर होतं. ज्यांच्या अंगावर काही डाग, पुळी, चट्टा दिसेल त्या पोरांना रांगेत काढलं. मैदानात सगळ्या शाळेसमोर सदरे उतरवायला लावले आणि बादलीत ब्रश बुडवून खरजेचं औषध फासलं, जसा भिंतीला चुना मारतात. हर्षदा किंचाळली तर दोघांनी तिचे हात धरून ठेवले. मग हेडमास्तरांनी त्या सगळ्यांना घरी पाठवलं. चेपी, म्हणजे एकाचा दुसऱ्याला लागणारा रोग आहे, बरा होईस्तोवर शाळेत पाय ठेवायचा नाही.

"चाळीमा सगळ्यासले समजनं," सुमन म्हणाली. "आते नळवर माले बाया मांगे सरकाडतस. सासू सांगस, तू पोटुशी व्हती तैं वांगा खादात, म्हनीसन पोरले असं व्हयनं. मी काय पाप करं, बेन? लाल साबणघाई रोज घासस तिले. रगत येस तरी घासस."

नेहाने नर्सकडून कोमट पाणी मागवलं आणि स्वतःच ते औषध पुसायला घेतलं. हर्षदाने दात आवळून घेतले. ती रडली नाही, फक्त विचारलं, "परत ब्रशने लावणार?"

"कोणी लावणार नाही," नेहा म्हणाली. "आणि ताई, तो लाल साबण आजपासून बंद. जंतुनाशकही पाण्यात टाकायचं नाही. घासायचं तर मुळीच नाही. आंघोळ झाली की अंग ओलं असतानाच खोबरेल तेल. हे सौम्य मलम फक्त लाल जागेवर. आणि नीट ऐका, ही खरूज नाही. हिच्यापासून कुणाला काही होणार नाही."

"मंग हाई शे तरी काय?"

सकाळी फळ्यावर काढलेलं सगळं आता या बाईला कसं सांगावं, नेहाला प्रश्न पडला. ती म्हणाली, "आपल्या अंगात पहाऱ्यावर बसलेल्या पेशी असतात. रोगजंतू आला की त्या एकमेकींना निरोप धाडतात, सावध व्हा, धावून या. हिच्या अंगात तो निरोप उगाच सुटतो. जरा धूळ, जरा घाम, लोकरीचा स्वेटर, एवढ्याने. मग सगळ्या धावत येतात, आणि कातडी पेटते. जन्मतःच तसा कल असतो. वांग्याचा काही संबंध नाही. तुमचा तर नाहीच नाही."

सुमन ऐकत होती. सुरतेत प्लेग येऊन गेल्याला दीडच वर्ष झालं होतं. मग म्हणाली, "म्हंजे प्लेगना टाइमले पाणीमा विष शे अशी हूल उठनी, आन् सारा गाव टेसनवर पळना, तसं?"

"बरोबर. तसंच."

"तैं बी गरिबच चेंगराया," सुमन म्हणाली.

नेहाने चिठ्ठी लिहिली: या मुलीचा आजार संसर्गजन्य नाही, तिला शाळेत बसू द्यावं. "शाळा कुठली?" तिने विचारलं. सुमनने सांगितलं आणि नेहाचं पेन थांबलं. त्या शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष मधुकरराव भागवत होते. नेहाचे वडील.

तिने चिठ्ठी पुरी करून सुमनला दिली. तिला वाटलं, बाबांना हे ठाऊक नसणार. हेडमास्तरांचा आगाऊपणा असेल. चिठ्ठी पाहिली की प्रकरण मिटेल.

प्रकरण मिटलं नाही. शनिवारी सुमन एकटीच आली आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. "घ्या तुमना कागद. हेडमास्तर सांगस, संसर्ग बिंसर्ग माले काही माहीत नही. पोर बरी व्हयनी असं लिखी आना. आन् अध्यक्षसना हुकूम शे म्हने, ढालनी तपासणी व्हस तोवर एक बी डागवाला पोऱ्या नको."

शहरातली एक संस्था दर वर्षी सगळ्यांत स्वच्छ शाळेला ढाल द्यायची. तपासणी पुढच्या आठवड्यात होती.

मधुकरराव वाईट माणूस नव्हते, आणि त्यामुळेच नेहाला जास्त राग आला. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही शाळा अक्षरशः उभी केली होती. प्लेगच्या वेळी अडाजणमधले त्यांचे शेजारी गाड्या भरून निघून गेले, तेव्हा ते फावडं घेऊन पांडेसऱ्याच्या गल्ल्यांत कचरा उपसत होते. दम्याचा त्रास असून. खिशात इनहेलर आणि तोंडाला रुमाल. नेहाला त्यांचा तेव्हा अभिमान वाटला होता.

संध्याकाळी जेवताना तिने विचारलं, "बाबा, शाळेतल्या मुलांना मैदानात उघडं करून औषध फासायला तुम्ही सांगितलंत?"

"शिबिर घ्यायला सांगितलं," ते म्हणाले. "का?"

"त्यात एका मुलीला इसब आहे. खरजेच्या औषधाने तिची कातडी सोलली. मी स्वतः तपासलंय तिला."

"अरेरे. असं व्हायला नको होतं." त्यांनी आमटी वाढून घेतली. "पण आता बरी आहे ना?"

"तिला शाळेतून काढलंय. तुमचा हुकूम आहे म्हणे."

"काढलेलं नाही. बरी होईपर्यंत घरी थांबायला सांगितलंय. नेहा, तू त्या वस्त्या पाहिलेल्या नाहीस. एका खोलीत आठ-आठ माणसं. दीड वर्षापूर्वी या शहराला जगभर घाणेरडं म्हटलं गेलं. आता कुठे लोक आपल्याला नावाजायला लागलेत. त्या पोरांची शाळा पहिली आली तर उद्या त्यांनाच मान मिळेल."

"कुठल्या पोरांना? जी घरी बसवलीत त्यांना?"

"मग लिहून दे की ती बरी झाली. मी सोमवारी घेतो आत."

"ती बरी झाली असं मी लिहू शकत नाही, कारण हा आजार येतो, जातो, परत येतो. मी लिहिलंय की तो कुणाला लागत नाही. शाळेसाठी एवढं पुरे आहे."

"बरा होत नाही?" मधुकररावांनी हात थांबवला. "मग तुमचं शास्त्र काय कामाचं?"

"जेवताना नको," आई म्हणाली. पण नेहाचा आता तोल सुटला होता.

"शास्त्र सांगू? तिच्या कातडीत जे इंटरल्यूकिन उगाच सुटतं ना, तेच तुमच्या श्वासनलिकेत सुटतं. तिचा इसब आणि तुमचा दमा सख्खी भावंडं आहेत, बाबा. लहानपणी तुमच्याही कोपरात चट्टे होते, आजी सांगायची. तुम्ही अडतीस वर्षं बँकेत नोकरी केलीत. खोकत, धापा टाकत. कुणी कधी तुम्हाला म्हणालं का, की भागवत, बरे होईपर्यंत काउंटरच्या बाहेर उभे राहा?"

"माझी गोष्ट वेगळी आहे!"

"काय वेगळी?"

"मी स्वच्छ राहणारा माणूस आहे!"

"आणि ती घाण आहे?"

मधुकरराव ताटावरून उठले. हात धुताना त्यांनी नळ इतक्या जोरात सोडला की पाणी सदऱ्यावर उडालं.

तपासणीच्या आदल्या दिवशी सुमन पुन्हा ओपीडीत आली. औषध नको होतं. हर्षदाचे हात आता पुष्कळ बरे होते, लाली उतरली होती. "बेन, उद्या आम्ही गेटवर उभं राहनार शेत," तिने सांगितलं. "ज्या ज्या पोरेसले काढं, त्यासन्या माया सगळ्या. कोणाले कोड शे, कोणाले गजकर्ण. तुमी नका येऊ. तुमना बाप शे तठे, माले समजनं."

"कुणी सांगितलं?"

"आडनाव एकच शे. माले वाचता येस."

नेहाने रजा टाकली.

सकाळी ती पोचली तेव्हा शाळेच्या गेटबाहेर सात-आठ बाया उभ्या होत्या. पोरांनी गणवेश घातले होते, भांग पाडले होते, एकाच्या कपाळाला बोटभर पावडर होती. बन्सीलाल रात्रपाळी करून तसाच आला होता, कोपरापर्यंत निळा. गेटला आतून कुलूप. आत मैदानावर पाणी शिंपडलं होतं, पताका लावल्या होत्या, आणि हेडमास्तर गजांतून हात हलवून सांगत होते, "जा रे घरी! आज नको! उद्या बघू!"

"उद्या नही!" सुमन ओरडली. "आज! आज का बरं नही, ते सांगा!"

मधुकरराव हेडमास्तरांच्या मागून पुढे आले. बायांमध्ये उभी असलेली आपली मुलगी त्यांना दिसली, आणि ते जागीच थांबले. "नेहा, तू इथे काय करतेस?" ते हळू म्हणाले. "घरी जा."

"गेट उघडा, मग जाते."

तेवढ्यात गाडी आली. तिच्यातून दोन गृहस्थ आणि एक वयस्क बाई उतरल्या. बाईंच्या हातात कागद होते. गेटसमोरची गर्दी पाहून त्या चकित झाल्या. "आ छोकरां बहार केम ऊभां छे?" त्यांनी विचारलं.

मधुकररावांनी घाईघाईने कुलूप काढलं. "मोडां आव्यां छे," ते हसून म्हणाले. "उशिरा आलीत आज, बस."

नेहाने जन्मात आपल्या वडिलांना खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. "हे खोटं आहे," ती म्हणाली, आणि मग गुजरातीत, सगळ्यांना कळेल असं, पुन्हा म्हणाली. "ही मुलं उशिरा आलेली नाहीत. यांना अंगावर डाग आहेत म्हणून काढलंय. तुम्ही बघू नये म्हणून. मी त्वचेची डॉक्टर आहे. या मुलीचा आजार स्पर्शाने पसरत नाही. त्या मुलाच्या कोडानेही कुणाला काही होत नाही. ज्यांना गजकर्ण आहे त्यांना मलम लावून वर्गात बसवता येतं. यांना औषध हवं होतं. यांना लपवलं गेलं."

हेडमास्तर काहीतरी बोलायला लागले, पण त्यांचं कुणी ऐकलं नाही. तपासणीच्या बाई हर्षदाजवळ आल्या. चेहरा प्रेमळ होता. त्यांनी हर्षदाच्या गणवेशाच्या बाहीकडे हात नेला. "हाथ बताव, बेटा. जोउं."

सुमनने मुलीला मागे ओढलं आणि मध्ये उभी राहिली.

"नही," ती म्हणाली. "एकदाव सारी शाळाना पुढे उघडी करी तिले. आते कोणीच नही देखाव. डॉक्टरबेन सांगस ते आइका. मनी पोर तमाशा नही शे."

बाईंना शब्द कळले की नाही कोण जाणे, पण त्यांनी हात मागे घेतला. "माफ करजो," त्या म्हणाल्या. मग मधुकररावांकडे वळून एवढंच विचारलं, "तो हवे आ छोकरां अंदर जशे ने?"

मधुकरराव बाजूला झाले. पोरं आत गेली. काही पळत, काही आईकडे वळून बघत. हर्षदा सगळ्यांत शेवटी गेली, आणि गेटमधून जाताना तिने हेडमास्तरांकडे असं पाहिलं की त्यांनी नजर वळवली.

ढाल दुसऱ्याच शाळेला मिळाली. त्यासाठी मंडळातले लोक कितीतरी दिवस नेहाला दोष देत होते, आणि सुमनला त्याहून जास्त. हेडमास्तरांनी हर्षदाला घेतलं, पण दाराजवळ वेगळ्या बसकरावर बसवलं. दुसऱ्या दिवशी सुमन लेस लावायचं काम टाकून शाळेत गेली, ते बसकर उचललं, हेडमास्तरांच्या खोलीत नेऊन त्यांच्या टेबलावर आपटलं आणि म्हणाली, "याच्यावर तुमी बठा." मग हर्षदा बाकावर बसली. शेजारच्या मुलीच्या आईने मुलगी उठवली. दुसरी येऊन बसली. तिच्या आईला कुणी सांगितलंच नव्हतं, की सांगूनही तिने ऐकलं नव्हतं, ते सुमनला कळलं नाही.

मधुकररावांनी मंडळाचा राजीनामा दिला. पश्चात्तापाने नव्हे, अपमानाने. घरात ते नेहाशी बोलत नव्हते. मीठ हवं असलं तरी आईमार्फत मागायचे. नेहाही नमली नाही. दिवसभर रुग्णालयात कुणा ना कुणाची आई सांगत असायची, शेजारीण पोराला मांडीवर घेत नाही, लग्नात पंगतीला बसू देत नाहीत, आणि प्रत्येक वेळी नेहाला गेटमागचा तो हसरा चेहरा आठवायचा, मोडां आव्यां छे म्हणणारा.

फाल्गुनात एकदा सकाळी चहा घेताना ते आपण होऊन बोलले. वर्तमानपत्र खाली न करता. "ढालीचं मला काही नाही. पण तू सगळ्यांसमोर मला खोटारडा ठरवलंस. घरात सांगितलं असतंस."

"घरात सांगितलं होतं, बाबा."

"तरी. सगळ्यांसमोर..."

"तिलाही सगळ्यांसमोरच उभं केलं होतं," नेहा म्हणाली. "ती सात वर्षांची आहे. तुम्ही सदुसष्ट."

वर्तमानपत्राचं एक पान उलटलं. मग त्यामागून प्रश्न आला, "माझ्या कोपरात चट्टे होते हे आजी तुला कधी म्हणाली?"

"मी बारावीत असताना."

"मला आठवतं," ते म्हणाले. "शाळेत मी पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचो. भर उन्हाळ्यात." त्यांनी चुकलं म्हटलं नाही, आणि नेहाने ते म्हणवून घेतलं नाही. पण तिचा राग यामुळे ओसरला नाही, उलट वाढला. म्हणजे यांना ठाऊक होतं, तिला वाटलं. लपावं लागणं काय असतं ते ठाऊक असून यांनी कुलूप लावलं.

एप्रिलच्या उकाड्यात हर्षदाचा इसब पुन्हा उसळला. मानेवर, गुडघ्यामागे. सुमन तिला घेऊन आली, पण या वेळी घाबरलेली नव्हती. तेल चालू होतं, लाल साबण घरात नव्हता, सासूने वांग्याचा विषय सोडला होता आणि आता ती पत्र्याच्या उष्णतेला दोष देत होती. नेहाने मलम बदललं, सुती कपडे घालायला सांगितलं.

"शाळा?" तिने विचारलं.

"जास," सुमन म्हणाली. "मास्तर अजून बी लांबतून जास तिनापाईन. जाऊ दे. मी त्याले दररोज दखाडस की मी देखी रहायनू."

"औषध निघेल का हो असं," हर्षदाने मध्येच विचारलं, "की परत येणारच नाही?"

नेहाने तिला खरं ते सांगितलं. अजून नाही. लोक शोधताहेत. निरोप कुठून सुटतो ते कळलंय, तो थांबवायचा कसा ते कळायचंय.

"मग तोवर?"

"तोवर खाजवायचं कमी, आणि शाळा बुडवायची नाही."

हर्षदाने मान हलवली आणि मलमाची ट्यूब स्वतःच्या दप्तरात ठेवली. नेहाने पुढच्या रुग्णाला हाक मारली. सचिन गावाहून आलेली एक बाई पदराखाली तान्हं झाकून आत आली, आणि बसायच्या आधीच हात जोडून म्हणाली, "मॅडम, आम्ही स्वच्छ राहतो हो. खरंच."

"मला माहीत आहे," नेहा म्हणाली. तिचा आवाज वाजवीपेक्षा जास्त चढला. "हे कुणाकुणाला सांगावं लागलं तुम्हाला? बसा. आधी ते सांगा."